दातांत धरलेला पदर

अक्का, तुम्हाला समाधी देऊन माणसं परत आली, हातपाय धुऊन ओसरीवर टेकली, आणि पहिलं वाक्य थोरल्या भाऊजींनी टाकलं. तुमच्या मालकांनी. म्हणाले, "बघा, शेवटी देवानं तिचं तोंड सरळ केलं."

ओसरीवरच्या सगळ्या माना हलल्या. जंगम स्वामींचीसुद्धा. म्हणजे देव इतकी वर्षं हेच एक काम हातात घेऊन बसला होता, आणि ते उरकायला त्याला तुमचा जीव घ्यावा लागला! मी आत परातीत पीठ घेऊन बसले होते. पीठ तसंच ठेवून बाहेर जावं आणि विचारावं असं वाटलं, की भाऊजी, तोंड सरळ झालंय म्हणता, मग आता बोला की तिच्याशी. बारा माणसांत बायकांनी बोलायचं नसतं, म्हणून गप्प बसले. आता कागदावर बोलते.

त्या दिवशी सकाळी तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग, गळ्यात हार. हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मीच मारली. गावातल्या बायका येत होत्या आणि म्हणत होत्या, "किती शांत दिसतीया!" ज्यांनी पंगतीत तुमच्यासमोरचं पान कधी घेतलं नाही, तुमचं तोंड दिसायला नको म्हणून पाठ फिरवून जेवल्या, त्या म्हणत होत्या. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. मी तिच्याकडं इतकं रोखून बघितलं, की तिचं रडं जागच्या जागी थांबलं.

आता हे लोक तुमच्या आजाराची गोष्ट आपापल्या सोयीनं सांगत फिरतील. सुरुवात तर झालीच आहे. म्हणून ती आधी तुमच्यापाशी बोलून घेते. काही चुकलं तर तुम्ही सांगणार नाही, एवढंच वाईट आहे.

मी बेंबळीच्या या घरात आले तेव्हा सोळा वर्षांची होते. सोलापूरची, इंग्रजांच्या मुलखातली, शाळामास्तराची पोर. इकडं निजामाचं राज्य. माझी सर्व्हिस मोटार तुळजापूरला आली तशी दुकानांवरच्या उर्दू पाट्यांची अक्षरंच मला वाचता येईनात. तेवढ्यानं मला आपण परमुलखात आल्यासारखं वाटलं होतं. माप ओलांडून आत आले, तर बायकांनी गलका केला, की आधी थोरल्या सुनेनं नाव घ्यावं. तुम्ही नको नको म्हणत होतात. मग अव्वांनी डोळे वटारले. आपल्या सासूबाईंना सगळं घर अव्वाच म्हणतं, नि त्यांचे डोळेही सगळं घर ओळखतं.

तुम्ही तोंड उघडलंत. पहिले दोन शब्द नीट आले. मग तुमचा खालचा जबडा डावीकडं सरकला, आणखी उघडला, आणि मिटेचना. जीभ आतल्या आत धडपडत होती. मालकांचं नाव कुठंतरी घशातच राहिलं. बायका खिदळल्या. अव्वा कडाडल्या, "नव्या सुनेला येडावून दावतीस व्हय गं?"

मी तुमच्या डोळ्यांकडं बघितलं. वेडावणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात. तोंड एकीकडं चाललं होतं आणि डोळे त्याला परत बोलवत होते.

पुढं जात्यावर बसून तुम्हीच मला हळूहळू सांगितलंत. एक दिवस भाकरी चावताना जबडा आपोआप उघडला, घास खाली पडला. तुम्हाला वाटलं, थकवा असेल. मग बोलताना व्हायला लागलं. 'मीठ' म्हणायला गेलं की तोंड उघडायचं, 'पाणी' म्हणायला गेलं की वाकडं व्हायचं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं तुम्ही म्हणालात, कारण दुखण्यावर लोक विश्वास ठेवतात.

आणि गंमत अशी, की जात्यावर ओवी म्हणताना तुमचा जबडा कसा गरीब गाईसारखा वागायचा. एक शब्द अडायचा नाही. ओवी संपली, आणि तुम्ही मला "सरक थोडी" म्हणायला गेलात, की पुन्हा ते तोंड सुरू. झोपेतही सगळं शांत. आपल्याला याचं नवल वाटायचं. भाऊजींना मात्र त्यात पुरावा सापडला. "गाताना बरं चालतंय? निजल्यावर बरं सरळ असतंय? म्हंजी ढोंग हाय." तुम्ही दुपारी जरा आडव्या झालात, की ते आल्या-गेल्या पाहुण्यांना दारापाशी आणून दाखवायचे. बायकोची झोप पाहुण्यांना दाखवणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि ते पाहुणेही चपला काढून, दबक्या पावलांनी येऊन बघायचे आणि "व्हय की, अगदी सरळ हाय" म्हणायचे!

ढोंग आहे म्हणायचं आणि इलाजही करायचा, हे आपल्याच घराला जमावं. गळ्यात लिंग, तोंडात शिवाचं नाव, आणि पहिली धाव कुणाकडं, तर तेरणेकाठच्या धोंडबा देवऋषाकडं. त्यानं तुम्हाला अंगणात बसवून मिरच्या आणि लिंबाचा पाला जाळून धुरी दिली. तुमचा जीव घाबरा झाला, तसा जबडा जास्तच हलायला लागला. घाबरलात, दमलात, चारचौघांनी बघितलं, की तो नेहमीच वाढायचा, हे या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण धोंडबा म्हणाला, "बघा, बाधा तडफडाय लागली." आणि भाऊजींनी हात जोडले. ज्या माणसाला गिऱ्हाईक दुकानात फसवू शकत नव्हतं, त्याला या धोंडबानं दर वेळी फसवलं. डोकं फक्त दुकानात वापरायचं, घरी काढून खुंटीला टांगायचं, असा त्यांचा शिरस्ता.

मग तुळजापूर. देवीचं दर्शन झालं. खाली रस्त्याच्या कडेला एकजण चादरीवर लोकांचे उपटलेले दात मांडून बसला होता. भाऊजींनी तुम्हाला त्याच्यापुढं बसवलं. त्यानं तोंडात बोट फिरवलं आणि सांगितलं, की दाढेत किडा आहे, तोच जबडा ओढतो. तुमच्या दोन धडधाकट दाढा त्यानं काढल्या. किडा काही निघाला नाही. "आत गेला," म्हणाला. तुम्ही तोंडात कापड धरून मोटारीत बसलात, आणि भाऊजी शेजारच्या उतारूला सांगत होते, "आमी इलाजात काही कमी पडू देत न्हाय."

सोलापूरच्या डॉक्टराकडं नेताना मला बरोबर घेतलं, माझं माहेर तिथलं म्हणून. मला फार आशा होती, अक्का. इंग्रजी शिकलेला माणूस, भिंतीवर हाडांची चित्रं. त्यानं काय केलं? जबड्याची तक्रार ऐकली आणि नळी छातीला लावली. तुमच्याशी एक शब्द बोलला नाही. जे विचारायचं ते भाऊजींना, जसं मोटारीचं काय बिघडलंय ते ड्रायव्हरला विचारावं. शेवटी म्हणाला, "हिस्टेरिया आहे. मनाचा खेळ. मूल झालं की जाईल." तुम्ही पस्तिशी ओलांडलेल्या, घरात पाळणा नाही, आणि यानं ते एका वाक्यात तुमच्याच पदरात टाकलं. परतीच्या वाटेवर भाऊजी एकदम हलके झालेले दिसत होते. आता दोष कुणाचा हे शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं.

या सगळ्या गणंगांत एकच माणूस निघाला. धाराशिवचा म्हातारा हकीम. बैलगाडीनं गेलो होतो, तुम्ही आणि मी मागं, भाऊजी पुढं. हकीमांनी तुम्हाला बोलायला लावलं, फुटाणे चावायला लावले, पाणी प्यायला लावलं. कानाच्या पुढं दोन्ही बाजूंना बोटं ठेवून बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "अम्मा, ये मरज मेरेकू मालूम नै. झूट कायकू बोलूं?"

भाऊजींचा चेहरा पडला. माहीत नाही म्हणणारा वैद्य त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण हकीमांनी पुढं तुम्हालाच विचारलं, "कम कब होता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. तुम्ही उजव्या हाताचं एक बोट हनुवटीच्या खाली टेकवलंत. नुसतं टेकवलंत, दाबलं नाही. आणि हळूच म्हणालात, "असं केल्यावर." दोन्ही शब्द सरळ आले.

हकीम हसले. "तो रखो ना उंगली. इसमें किसका क्या जाता?"

कुणाचं काय जातं! त्यांना आपलं घर माहीत नव्हतं. गाडीत बसल्यापासून भाऊजींची कुरकुर सुरू, "एवढ्यासाठी बैल दमवले व्हय?" आणि घरी अव्वांनी पहिल्याच जेवणाला तुमच्या हातावर फटका मारला. सवाष्णीनं हनुवटीला हात लावून बसायचं म्हणजे घराला अवकळा. तुमचं एक बोट जागेवर राहिलं तर तुम्हाला सुखानं दोन घास जाणार होते, चार शब्द बोलता येणार होते. त्यानं कुणाचं घर बुडालं असतं? पण दुकानात माल पडून राहिला, बोटामुळं. म्हशीनं लाथ मारली, बोटामुळं. माझ्या मालकांना, तुमच्या धाकट्या दिराला, मी म्हटलं, की तुम्ही तरी काही बोला. ते म्हणाले, "मोठ्यांच्या मधी कसं बोलावं?" त्यांच्या जबड्याला काहीही झालेलं नव्हतं, तरी तो जन्मभर कधी कामाच्या वेळी उघडला नाही.

तुम्ही लपूनछपून बोट लावत राहिलात. ते दिसलं, आणि धोंडबाला पुन्हा बोलावणं गेलं. या खेपेला डाग द्यायचा ठरला.

मी आदल्या दिवशी अव्वांना तोंड वर करून बोलले होते, म्हणून मला स्वयंपाकघरात कोंडून बाहेरून कडी घातली. सळई तापवायचा विस्तव मात्र माझ्याच चुलीतून नेला. दोन्ही कानांच्या खाली, जबड्याच्या सांध्यावर. तुमची किंकाळी अजून माझ्या कानांतून गेलेली नाही. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. लिहायला गेले तर शिव्या येतात, आणि शिव्यांनी या लोकांचा मान वाढतो.

जखमा भरत आल्या तेव्हाची गोष्ट. वारं सुटलं होतं. तुम्ही आणि मी शेण्या भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन परसातून येत होतो. दोन्ही हात पाटीला. वाऱ्यानं तुमचा पदर उडाला, तो सावरायला हात नव्हता, म्हणून तुम्ही त्याचं टोक दातांत पकडलंत आणि तशाच म्हणालात, "कमळा, म्हशीला पाणी दावलंस का?"

मी दोन पावलं पुढं गेले आणि थबकले. तुम्हीही थबकलात. सगळं वाक्य एका दमात, एका रेषेत आलं होतं. आवाज थोडा दबलेला, बाकी काही नाही.

"पुन्ना म्हणा," मी म्हटलं.

"म्हशीला पाणी दावलंस का?"

"आता पदर सोडून म्हणा."

पदर सोडला, आणि जबडा निघाला डावीकडं. पुन्हा धरला, पुन्हा सरळ. आपण तिथंच पाट्या उतरवल्या आणि वेड्यासारखं एकमेकींना ते म्हशीचं वाक्य ऐकवत बसलो. तुम्ही हसत होतात, रडत होतात, पदर सुटत होता, पुन्हा धरत होतात. म्हशीला त्या दिवशी पाणी उशिराच मिळालं. असं का होत होतं, ते मला आजही ठाऊक नाही. हनुवटीला बोट किंवा दातांत कापड, जबड्याला काहीतरी टेकायला मिळालं की तो ऐकायचा. काही दिवस पदरालाही दाद द्यायचा नाही. पण बहुतेक दिवस द्यायचा.

आणि घरात काय झालं? हनुवटीचं बोट म्हणजे अवलक्षण होतं, पण दातांतला पदर म्हणजे मर्यादा! अव्वा शेजारणीला सांगायला लागल्या, "आता कशी खानदानी सुनंवानी पदर धरून बोलती." भाऊजींनी गावभर केलं, की डागानं गुण आला. धोंडबाला बोलावून पुरणपोळी घातली. ती वाढली तुम्ही. कानाखाली दोन काळे व्रण, दातांत पदर, आणि त्याच्या ताटात तूप वाढत होतात. मला इतकी चीड आली, की मी चुलीपुढून उठले नाही.

त्याच संध्याकाळी आपलं भांडण झालं. मी म्हटलं, मी सांगते सगळ्यांना, डागानं नाही, पदरानं झालंय. तुम्ही माझा दंड धरलात.

"सांगू नगंस. सांगितलंस तर पदरबी काढून घेतील."

"मग त्या भामट्याला पुरणपोळ्या खाऊ द्यायच्या?"

"खाऊ दे. माझ्या पोटात दोन घास जायला लागल्यात, ते बघ की."

मी तुम्हाला भित्री म्हटलं. तुम्ही मला पोरकट म्हटलंत. नंतर कितीतरी दिवस जात्यावर बसलं, की ते भांडण आपण पुन्हा काढायचो, आणि दळण संपलं तरी ते संपायचं नाही.

ते संपलं एका सोमवारी. शेजारची पारू, सात-आठ वर्षांची, बोलताना अडखळायची. 'आई' म्हणायला तिला तीन वेळा सुरुवात करावी लागायची. भाऊजींनी तिच्या बापाला छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्या घरातच बघा की, डागानं कशी बरी झाली." धोंडबा आपल्याच अंगणात आला. पोरीला मांडीवर घेऊन तिची आई बसलेली, पोरगी विस्तवाकडं बघून मुकी झालेली, भोवती अर्धी गल्ली. त्या आईनं आत येऊन तुमच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "अक्का, तुमचा गुण माझ्या लेकीला लागू द्या."

तुम्ही भाकरी तव्यावर टाकलेली तशीच ठेवून उठलात. मी मागोमाग. अंगणाच्या मधोमध उभ्या राहिलात, दातांतला पदर काढलात, आणि दोन्ही हात खाली सोडलेत. तुमचा जबडा जसा त्या वेळी वेडावाकडा हलला, तसा मी कधी पाहिला नव्हता. डावीकडं, खाली, पुन्हा डावीकडं. लाळ गळायला लागली. तुम्ही पुसली नाहीत. एकेक शब्द उपसून काढलात.

"बघा. म्या... बरी... झालेली न्हाय."

पण धोंडबा तयारीचा गडी. म्हणाला, "बाधा फिरून आली. हिलाबी पुन्ना डाग लागंल."

"फिरून... आली," तुम्ही म्हणालात, "मग... तुज्या डागानं... केलं काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. पारूच्या आईनं पोरीला उचलून छातीशी धरलं आणि ती कुणाकडं न बघता निघून गेली. धोंडबा सळई फडक्यात गुंडाळत होता, आणि ती अजून गरम होती, हे त्याला बोटं भाजल्यावर कळलं. अक्का, मी आयुष्यात कुणाला बघून तेवढी आनंदले नसेन.

मी तुम्हाला भित्री म्हटलं होतं. त्या अंगणात उभं राहायला मला जमलं नसतं.

भाऊजींची इज्जत गेली म्हणे. तुमची कातडी जळाली तेव्हा गेली नव्हती, ती चार माणसं हसली तेव्हा गेली. "भर अंगणात मला तोंड पाडायला लावलं," म्हणाले. पुढच्या हंगामाच्या आत दुसरी बायको आणली. ती बिचारी एकोणीस वर्षांची, कुणाच्या भांडणात नाही. तुमची सोय मागं कडब्याच्या खोलीत झाली. त्याला 'सोय' म्हणायचं असं अव्वांनी ठरवलं होतं.

पण खरं सांगा, त्या खोलीत आपण किती हसलो? तिथं अवलक्षण बघायला कुणी येत नव्हतं. तुम्ही राजरोस हनुवटीला बोट लावून बसायच्या. मी ताट घेऊन यायची, भाकरी दुधात कुस्करून द्यायची, आणि ओसरीवरून भाऊजींचा आवाज यायचा, जगाला शहाणपण शिकवणारा. एकदा ते कुणाला तरी सांगत होते, की बायकांची जात अशीच, यांना कितीही करा. तुम्ही बोट काढून जबडा असा काही सोडलात, की मला ठसका लागला.

"अक्का, त्रास होतोय का?" मी विचारलं.

तुम्ही बोट परत लावलंत आणि शांतपणे म्हणालात, "न्हाय. ह्यो माझा माझा व्हता."

मला कळायला वेळ लागला. तुम्ही डोळे मिचकावलेत. "समदंच काही आजारानं न्हाय, कमळा. येडावती येडावती म्हणून एवढा मार खाल्ला. म्हटलं, मग थोडं येडावून तरी घ्यावं."

किती दिवसांपासून? कुणाकुणासमोर? त्या डॉक्टरासमोर? अव्वांसमोर, पंगतीत? तुम्ही नुसतं हसत राहिलात. मी समजत होते, तुम्ही यांना सगळ्यांना माफ करून बसलात, आणि त्यापायी मनातल्या मनात तुमच्यावर चिडत होते. तुम्ही कुणाला काडीचं माफ केलेलं नव्हतं.

मग ते गडबडीचं साल आलं. हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या, दुकानं बंद झाली, लोक गाड्या जुंपून सोलापूरकडं निघाले. आपल्याही घरानं माझ्या माहेरी जायचं ठरवलं. भाऊजी म्हणाले, "थोरली राहू दे घर राखाय. तिचं तोंड बघूनच पळतील." विनोद केला होता त्यांनी! आणि माझे मालक त्यावर हसले. मी गाडीतून माझं गाठोडं खाली टाकलं आणि म्हटलं, मग मीही राहते, सोलापुरात माझ्या बापाला तुम्हीच सांगा मला का सोडून आलात ते. बापाच्या घरी उतरायचं होतं ना सगळ्यांना! तुम्हाला गाडीत जागा झाली.

सोलापुरातले ते महिने माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशी तुमच्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, आणि आईला म्हणाले, "यांना भात मऊ करत जा." झालं. तुम्ही माणसांत बसून, हनुवटीला बोट लावून, पोटभर जेवायला लागलात. गालफडं भरली. शेजारच्या पोरींना तुम्ही ओव्या शिकवायच्या.

इकडं निजामाचं राज्य गेलं. रस्ते मोकळे झाले, आणि तुम्ही परत निघालात. मी हातापाया पडले. म्हटलं, राहा इथं, वडील नाही म्हणणार नाहीत. काय आहे तिथं? कडब्याची खोली?

तुम्ही म्हणालात, "म्हस येली असंल."

अक्का, यावर मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. मेलात तरी राग गेलेला नाही. मऊ भात, चार माणसांतलं पान, हे सगळं टाकून तुम्ही एका म्हशीसाठी आलात! मी मोटारीत बोलले नाही तुमच्याशी. बेंबळीत उतरलो, तर ती शेजाऱ्यांनी राखलेली, खरंच व्यालेली होती. तुम्ही तिच्या रेडकाच्या अंगावरून हात फिरवत मला म्हणालात, "बघ, म्हटलं नव्हतं?" जणू त्यानं सगळं सिद्ध झालं. तुम्ही खरंच तिच्यासाठी आलात, की इथून हाकलल्यासारखं जायचं नव्हतं म्हणून आलात, ते मी विचारणार होते. राग उतरला की विचारीन म्हटलं. राग उतरायच्या आत तुम्हाला हिवताप भरला.

तापात जबडा बोटालाही ऐकेना, पदरालाही नाही. चमच्यानं आंबील घालायची मी, निम्मी बाहेर यायची. भाऊजी एकदा दारापर्यंत आले, "कसं हाय?" विचारलं, आणि उत्तर यायच्या आत गेले. उत्तर यायला तुम्हाला वेळ लागतो, हे त्यांना पंचवीस वर्षांत कळलं नाही. शेवटच्या दुपारी तुम्ही माझा हात धरून काहीतरी म्हणत होतात. पहिलं अक्षर 'क' होतं. 'कमळा' असेल. कडबा असेल. मी कान अगदी तोंडाशी नेला, पण जबडा पुढचं अक्षर लागू देईना. ओवीत म्हणा, असं मी म्हटलं. तुम्ही हसलात, पण ओवीला लागणारा श्वास काही तुमच्यापाशी उरला नव्हता.

तुम्हाला जाऊन आज काही फार दिवस झाले नाहीत. घर रुळावर आलं आहे. काल पंगतीत भाऊजी एका पाहुण्याला सांगत होते, की आपण तिच्यासाठी काय काय नाही केलं, तुळजापूर केलं, सोलापूर केलं, धाराशिव केलं, पण बाईचं नशीबच खोटं. पाहुणा मान डोलवत होता. माझे मालकही डोलवत होते. मी वाढता वाढता थांबले, हसू दाबलं आणि सवयीनं कडब्याच्या खोलीकडच्या मागच्या दाराकडं वळून बघितलं, तुमचं तोंड कसं झालंय ते बघायला.